मदतनीस क्रियापदं

तेजल म्हणते, काकू, या वाक्यातल्या मदतनीस.
मी म्हटलं, म्हणजे माझ्याच खात्यातल्या की.
ती नववीत. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला.
तिच्या आईच्या शिलाई मशीनमागे आम्ही दोघी,
मध्ये एक वही,
चुलीवरून येणारा कळण्याच्या भाकरीचा वास.

इज, आर, वॉज, वेअर.
अंगणवाडीच्या ताटल्या मोजाव्यात तशी मोजते,
तरी रोज एक कमी भरते.

पहिली गाळलेली जागा :
द चिल्ड्रन, मग रेघ, मग स्लीपिंग.
पेन्सिल माझ्याआधी बोलली,
पोरे झोपेल शेतस,
आणि रेघेवर मी देवनागरीत 'शेतस' लिहून मोकळी झाले.
तेजलनं खोडलं नाही.
वर बारीक अक्षरात 'आर' लिहिलं.
जागा बरोबर आहे काकू, म्हणाली,
बाई तेवढी बदला.

पुस्तकात लिहिलंय, हिला स्वतःचा अर्थ नसतो.
चालणारा चालतो, शिजवणारा शिजवतो,
ही नुसती सांगते, कधी.
काल, की आत्ता, की झालंच मघाशी.
मला यात काही कमी वाटलं नाही.
पावणेनऊला कुलूप काढते ती मीच.
बोरीचं वारं घेऊन आलेली धूळ झाडते,
खिचडीला फोडणी देते,
दगाच्या नातवाचं नाक पुसते.
मग कुमुदताई येतात, शाळा भरते.
वाईट नाहीत हो त्या. गुडघे दुखतात त्यांचे.
रजिस्टरवर सही त्यांची.

'डज'ची गंमत मला दोन दिवस कळली नाही.
शी कुक्स. यात तो दिसतच नाही.
पण कुणी विचारलं की पुढे येऊन उभा राहतो,
डज शी कुक?
आणि क्रियापदाच्या पाठीवरचा एस
आपल्या खांद्यावर घेतो.
तेजल म्हणाली, विसरू नका, एक मार्क जातो.
मी कशी विसरेन.

माघात कुमुदताई लेकीच्या बाळंतपणाला धुळ्याला गेल्या,
एकवीस दिवस.
त्यानंतरच्या सोमवारी पर्यवेक्षिका मॅडम आल्या.
चष्मा नाकावर, वजनाचं रजिस्टर मांडीवर.
पान उलटता उलटता थांबल्या.
हे नऊ वेगळे दिसतात, म्हणाल्या,
शेपटी लांब आहे यांची.
कोणी लिहिलं हे?

कुमुदताई खिडकीकडे बघत होत्या.
कुकरची शिट्टीही नेमकी थांबली.
पोरं मात्र बडबडगीत म्हणत राहिली,
त्यांना काय.

मी, म्हटलं.
ओला हात पदराला पुसायचा राहूनच गेला.
मॅडमनी वर पाहिलं, मग पुन्हा आकड्यांकडे,
बोटानं एक ओळ तपासली, दुसरी तपासली.
बेरीज बरोबर आहे, म्हणाल्या,
आणि पान उलटलं.
एवढंच. चहा घेऊन गेल्या.

रात्री तेजलला सांगितलं.
ती लगेच मास्तरीण झाली.
इंग्लिशमध्ये सांगा. हू रोट दिस?
आय रोट.
चालेल, पण छोटं उत्तर द्या.
छोटं कसं?
आय डिड.

मी अडले.
प्रश्नात तर डिड नव्हता गं,
उत्तरात कुठून आला?
आणि लिहिणारं रोट, ते कुठे गेलं?
ते गेलं घरी, म्हणाली,
डिड एकटा पुरतो.
आला कुठून म्हणजे? तो होताच की काकू,
रोटच्या आत.

मी वहीत तीनदा लिहिलं.
आय डिड. आय डिड. आय डिड.
तिसऱ्या खेपेला अक्षर सरळ आलं.

मे आणि मस्ट अजून राहिलेत.
एकात परवानगी असते, दुसऱ्यात सक्ती,
एवढं कळलंय, कोणत्यात कोणती
ते उद्या बघू.
सकाळसाठी मटकी भिजत घालायची आहे.